गाड्या हटवल्याच नाहीत
रविवार, संध्याकाळ. समता कॉलोनी

डोकं अजून भणभणून राहिलंय. माझा धाकटा भाऊ अभय एमएमएचे, म्हणजे पिंजऱ्यातल्या लाथाबुक्क्यांचे, सामने भरवतो. गेल्या वर्षी मंगल कार्यालयात व्हायचे, आज स्टेडियम भरलं. पिंजऱ्याजवळ डॉक्टर म्हणून मीच. अॅम्ब्युलन्स होती, पण तिच्यासमोर पाहुण्यांच्या गाड्या! अभयला आधीच म्हटलं, हटव. "हव ताई, हटवतो."

तिसऱ्या लढतीत पूजा नावाच्या खेळाडूच्या कानशिलावर लाथ बसली. पोट्टी पडली, उठली. मी विचारलं, कोणत्या शहरात आहेस? म्हणाली, "बिलासपूर." चुकीचं शहर! मी लढत थांबवली. लोक ओरडायला लागले. अभय धावत आला. "काहून थांबवलं? उभी तर आहे ना ती!"

उभी आहे म्हणजे बरी आहे? आणि त्या गाड्या तिथंच! त्यांचे ड्रायव्हर सापडेपर्यंत पूजा स्ट्रेचरवर उलट्या करत होती. स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसला नाही, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

घरी आल्यावर अभयला बजावलं, अॅम्ब्युलन्सचा रस्ता मोकळा नसेल तर यापुढे मी बसणार नाही. मोबाईलमधून मान वर न करता म्हणतो, "मग दुसरा डॉक्टर पाहून घेईन, ताई."

मिळेलही त्याले. मुकाट बसणारा, लढत न थांबवणारा. म्हणजे पुढच्या वेळीही मीच जायचं की काय?