नाकारता येत नाही

तीर्थस्वरूप मामांस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो की अजून खालच्याच खोलीत मुक्काम आहे, ते कळवावं. मामींनी विणलेला स्वेटर मी रोज घालतो (मामींना पत्रातलं एवढंच वाचून दाखवा).

आधी एक कबुली. हेरखात्यातल्या विश्लेषकांनी दर दोन वर्षांनी एकमेकांच्या कार्यालयात जाऊन काम करावं असा कायदा झाला, आणि त्याचा मसुदा तुमच्या हातचा आहे हे मला समजलं, तेव्हा मी तुम्हाला मनातल्या मनात बरंच काही बोललो. टेकडीवरच्या कार्यालयात, खिडकीजवळच्या खुर्चीत, आलेले कागद वाचून त्यांवर चार ओळींचं अनुमान लिहीत मी अकरा वर्षं सुखाने बसलो होतो. चहावाल्याला माझी साखरसुद्धा पाठ होती. सख्ख्या मामानेच उचलून नदीकाठच्या कार्यालयात नेऊन टाकल्यावर दाद मागायची कुणाकडे? तुमचं कलम चार म्हणतं, की यामुळे दोन्ही कार्यालयांना एकमेकांची भाषा कळेल. मी म्हटलं, भाषा तर एकच आहे, त्यात कळायचंय काय? मामा, मी गाढव होतो.

पहिल्याच आठवड्यात मी एका गोदामाबद्दल टिपण लिहिलं आणि शेवटी सवयीने जोडलं, ‘येथून काही हलवले जाण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ आता टेकडीवर हे वाक्य आम्ही जेवल्यावर हात धुवावेत तसं प्रत्येक टिपणाच्या शेवटी लिहितो. त्याचा अर्थ एवढाच, की मला काही ठाऊक नाही, पण उद्या काही झालं तर मला धरू नका. नदीकाठी मात्र हे वाक्य वर्षातून एखाददुसऱ्या वेळी लिहितात आणि ते लिहिलं की गाड्या सुटतात. सुटल्या. चार सुटल्या. गोदाम गाद्यांचं निघालं. आमच्या लोकांनी एकोणचाळीस गाद्या उसवल्या (कापूस साहेबांच्या मिशीत अडकलेला मी स्वतः पाहिला, आणि तो काढा असं सांगायची हिंमत दिवसभर कुणालाच झाली नाही), आणि त्यांतून निघाला तोही कापूसच.

साहेबांनी बोलावलं. नोकरी गेलीच असं धरून मी उभा राहिलो. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या बाई आत आल्या. वयाने माझ्याएवढ्याच, पण सगळे त्यांना अनुस्वारबाई म्हणतात, कारण कुणाचाही सुटलेला अनुस्वार त्या लाल पेन्सिलीने देतात. त्या म्हणाल्या, “टिपण माझ्या हाताखालून गेलं. नव्या माणसाला इथले शब्द समजावणं माझं काम होतं, ते मी केलं नाही.” मामा, चूक सोळा आणे माझी. आमच्या खात्यात लोक दुसऱ्याची छत्री धरत नाहीत, आणि या बाईंनी दुसऱ्याची चूक धरली. मला भरून आलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक वही आणून दोन रकाने आखले, टेकडी आणि नदी. ‘लवकरच’ म्हणजे टेकडीवर निवृत्तीच्या आत, नदीकाठी चहाच्या आत. ‘विश्वसनीय सूत्र’ म्हणजे टेकडीवर ज्याच्याकडे शिक्का आहे तो, नदीकाठी जो तीनदा खरा ठरला आहे तो. सात महिन्यांत वही भरली आणि साहेबांनी ती छापून दोन्हीकडे वाटली. गेल्या महिन्यात दोन्ही कार्यालयांनी पहिल्यांदाच एका दिवशी एकच गोष्ट म्हटली, आणि ती खरी निघाली. कोणती, ते तुमच्याच कलम अकराप्रमाणे तुम्हाला सांगता येत नाही.

असं माणूस मला तुमच्या कायद्यामुळे भेटलं. आणि महिन्यापूर्वी त्याच कायद्याने बाईंची बदली टेकडीवर केली, नेमकी माझ्या खुर्चीत. तरीही कायदा थोर आहे, हे मी मनापासून लिहितो.

तुमचा आज्ञाधारक भाचा

ता. क. १ : लिहिणार नव्हतो, पण राहवत नाही. परवा टेकडीच्या बसथांब्यावर बाईंना विचारलं, की आमच्याकडची वडीलमंडळी तुमच्या वडिलांना भेटायला आली तर तुमचा होकार असेल का. त्या म्हणाल्या, “होकाराची शक्यता नाकारता येत नाही,” आणि बसमध्ये चढल्या. आता हे नदीकाठचं वाक्य, की महिनाभरात त्यांना टेकडीची हवा लागली? पहिलं असेल तर माझ्यासारखा भाग्यवान नाही, दुसरं असेल तर संपलंच सगळं. कलम नऊ म्हणतं, अर्थाबद्दल वाद झाल्यास मसुदाकाराचं मत अखेरचं. तर मत द्या, आणि गुडघा परवानगी देत असेल तर गाडी काढा.

ता. क. २ : कलम तेराप्रमाणे आमची घरगुती पत्रं दुसऱ्या कार्यालयातला विश्लेषक वाचूनच पुढे पाठवतो, म्हणून हे एखादा दिवस उशिरा मिळेल. काळजी नसावी. टेकडीवर हे काम जाड भिंगवाल्या आजोबांकडे असतं, ते पहिली ओळ वाचून शिक्का मारतात.

(खाली लाल पेन्सिलीने)

वाचले. आजोबा रजेवर आहेत. गाद्या एकोणचाळीस नव्हे, एकेचाळीस होत्या. दोन ठिकाणी अनुस्वार सुटले होते, दिले आहेत. ता. क. १ मधल्या वाक्याचा अर्थ नदीकाठचा धरावा. गाडी सोडण्यास हरकत नाही. चार नकोत, एक पुरे.