कपाटाच्या दारावरची जोडी

प्रिय कुसुम,

माझं इंग्रजी किती महाग पडलं, हे आज पहिल्यांदा मोजलं. तुझी बावीस वर्षांची रविवारची झोप! आठवडाभर सरकारी ऑफिसात टायपिंग करायचीस आणि रविवारी दुपारी माझी परदेशी गिऱ्हाइकांना जाणारी इंग्रजी पत्रं तपासायला बसायचीस.

आजच लिहितोय, कारण इथल्या, दिल्लीच्या द्वारकेतल्या आपल्या मराठी मंडळींनी मला येत्या रविवारी बोलायला बोलावलंय. विषय, ‘स्वतःच्या बळावर इंग्रजी’. मीच दिलाय गं तो!

आठवतं? ओट्याशेजारच्या कपाटाच्या दारावर तू रोज खडूनं एक जोडी लिहायचीस. उच्चाराला जुळी, अर्थाला अनोळखी. स्टेशनरी आणि स्टेशनरी. एक जागची हलत नाही, दुसरी म्हणजे कागद-पेन्सिल. दोन्हींची वाक्यं केल्याशिवाय चहा नाही.

“अगं, ऐकायला तर एकच आहे!”

“अहो, कान पक्का आहे तुमचा, बिल्कुल. पण कागदाला कान नसतात.”

पाहुण्यांपुढे मी छाती फुगवायचो, “इंग्रजी मला कुणी शिकवलं नाही. कान उघडे ठेवले, बस्स! परदेशी पत्रं माझी मी लिहितो.” तू पोहे वाढत म्हणायचीस, “खरंय, कान मोठेच आहेत यांचे.” सगळे हसायचे. एकदा तरी खरं का नाही सांगून टाकलंस?

आणि कसले कान! मला माल पुरवणारा पानिपतचा ब्लँकेटवाला फोनवर नुसतं “हां जी” म्हणाला, तरी माल तयार नाही हे मला कळायचं. तू मात्र दोन महिने धापा टाकत “काही नाही हो” म्हणत राहिलीस, आणि मी ते खरं मानलं. तेव्हा कुठे गेले होते हे कान?

दारावर तुझी शेवटची जोडी अजून आहे. वेदर आणि वेदर. एक हवा, दुसरं ‘की नाही’. पुसवत नाही. रोज सकाळी मोठ्यानं वाक्यं करतो, मग माझा मीच चहा टाकतो. वाक्य बरोबर होतं की चूक, कोण सांगणार?

रविवारी सगळ्यांसमोर खरं सांगेन, हे वचन. कान माझे होते, अक्षर तुझं. आणि हेही सांगेन, की तुला जाऊन पाच महिने झाले, तेव्हापासून मी एकही इंग्रजी पत्र धाडलेलं नाही.

तुझा,
वसंत