थंड राहणारी स्पिंडल

१४ ऑक्टोबर १९७४, सांगली

लागली एकदाची नोकरी! साताऱ्याहून एसटीने उतरलो तर धोंडिराम स्टँडवर हजर. माझी ट्रंक त्यानेच उचलली. डिप्लोमाला आम्ही होस्टेलच्या एका खोलीत होतो. तो दोन वर्षं पुढे. मला टायफॉइड झाला तेव्हा पेज भरवण्यापासून सगळं त्यानेच केलं, सख्ख्या भावासारखं. तो काम करतो त्याच कारखान्यातली ही नोकरीही त्याच्याच शब्दावर मिळाली आणि राहायलाही त्याच्याच घरी.

त्याची आई राहीबाई मूळच्या कुंडलच्या. मी नको म्हटल्यावरही ताटात भाकरी पडतच राहिली. धोंडिराम मात्र वाळून काठी झालाय. पित्त म्हणतो. दिवसभर डोक्याला ओला पंचा बांधून हिंडतो. मी म्हटलं, लग्न कर, सगळी पित्तं उतरतील. तो हसला, पण जरा उशिराच.

१७ ऑक्टोबर

कारखान्यात ग्राइंडिंग मशीनच्या स्पिंडल बनतात. स्पिंडल म्हणजे घासायचा दगड फिरवणारा दांडा. मिनिटाला वीस हजार फेरे घेतो. त्या वेगात बेअरिंग तापतात, दांडा फुगतो, बेअरिंग आणखी आवळतात, आणखी तापतात. कुठल्या वेगाला किती तापेल हे आधी कागदावर सांगायचं, हे माझं काम. मी आलेखाच्या कागदावर दांड्याचे तुकडे पाडतो. नियम साधा: तुकड्यात जेवढी उष्णता येते, तेवढी कुठेतरी गेलीच पाहिजे. दिवसभर स्लाइडरूलच्या पट्ट्या सरकवत गणितं करत बसतो आणि खरं सांगायचं तर मजा येते.

सगळ्या स्पिंडल माझ्या आकड्यांबरहुकूम तापतात. कोपऱ्यातली एक तेवढी ऐकत नाही. तिला सगळे ‘थोरली’ म्हणतात. दिवसभर फिरते आणि वरच्या लोखंडी कवचाला हात लावावा तर माठासारखी गार. मालक खूश आहेत, अशाच आणखी बनवा म्हणतात. मी आपली माझी चूक शोधतोय.

खंडेनवमी

आज यंत्रं बंद. सगळी धुऊनपुसून झेंडूच्या माळा घातल्या. इथली एक रीत नवीन कळली. प्रत्येक मशीनवर एका माणसाने हळदकुंकवाचा पंजा उठवायचा. वर्षभर ती मशीन त्याची. थोरलीवरचा धोंडिरामचा जुना पंजा फिकट झाला होता. यंदाचा मान सोपानचा, असं तोच सगळ्यांदेखत म्हणाला. एवढी जुनी माणसं असताना मला मान! छाती फुगली माझी. मी हात टेकवल्यावर त्याने माझं मनगट दाबून धरलं, जरा जास्तच वेळ. प्रसाद घेऊन आलेल्या राहीबाई तोंड फिरवून उभ्या होत्या.

संध्याकाळी धोंडिराम पोटभर जेवला आणि गाणं म्हणत बसला. पंचा खुंटीवर वाळत होता. पित्त गेलं म्हणे.

२९ ऑक्टोबर

ताप. डॉक्टर मलेरिया म्हणतात, पण हा मलेरिया कामगार कायदा पाळतो. कामाची पाळी सुरू झाली की थोड्या वेळाने चढतो, जेवणाच्या सुट्टीत उतरतो, रविवारी रजा घेतो. राहीबाई कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवतात. माझ्याकडे बघत मात्र नाहीत.

४ नोव्हेंबर, सातारा

दोन दिवस घरी आलो. काल ठणठणीत होतो, आईच्या हातचं मनसोक्त जेवलो. आज सोमवार. इथे ओसरीवर बसलोय, कारखाना कोसांवर आहे, आणि सांगलीत पाळी सुरू होते त्या सुमारास अंग तापायला लागलं.

चाळा म्हणून तापाचे आकडे आलेखावर मांडले. रेषा ओळखीची निघाली. मी थोरलीसाठी काढलेली, तिला कधीच न बसलेली. चढ तोच, उतारही तोच. माझ्या आकडेमोडीत चूक नव्हती. उष्णता जाते. माझ्यात जाते.

६ नोव्हेंबर, सांगली

थोरलीवरचा माझा पंजा रॉकेलने घासला. रंग निघाला. पण सबंध गार लोखंडावर तेवढीच जागा गरम लागते, पाच बोटांची.

धोंडिरामला विचारलं. बोलल्या त्या राहीबाई. आधी आकाराम नावाच्या जुन्या कामगाराचा पंजा होता, तो तापानेच गेला, मग धोंडिरामचा. खंडेनवमीलाच सुटका, तीही दुसऱ्याने आपणहून हात ठेवला तर. पदर तोंडाला लावून म्हणाल्या, ‘माजं ह्ये येकच हाय रं लेकरा. मी काय करू?’

आणि मी? मी काय उकिरड्यावर सापडलो? मला आई नाही? नोकरी कसली, बळीचा बकरा हवा होता. ज्याने पेज भरवली त्यानेच— लिहवत नाही.

९ नोव्हेंबर

परवा धोंडिराम पाया पडला. ढसढसा रडला. आईच्या गळ्याची शपथ घेऊन म्हणाला, पुढच्या खंडेनवमीपर्यंत थोरली बंद ठेवतो, मालकाला काहीतरी सांगतो. आणि खरंच— काल ताप नाही. आज नाही. एका ताटात जेवलो. मी त्याला माफ केलं. काय करणार, माझंच माणूस ना.

११ नोव्हेंबर

थोरली बंद होती ती वेग वाढवायची जोडणी करायला. मालकांनीच कौतुकाने सांगितलं. उद्या मुंबईचं गिऱ्हाईक येणार, तीस हजार फेऱ्यांवर चालवून दाखवायची. ही कल्पना धोंडिरामची. त्याला फोरमन करणार आहेत.

शपथ घेताना माझा हात हातात होता त्याच्या.

तीस हजाराचा आलेख काढला. वीस हजाराला रेषा चढून आडवी होते, म्हणजे ताप एका जागी थांबतो. तीसला— आडवी होतच नाही. परत मांडलं. होतच नाही.

पहाटेच कारखान्यात जातो. मेन स्विचपाशीच बसतो.

१२ नोव्हेंबर

दाराला बाहेरून कडी.

हाका मारल्या. राहीबाई उंबऱ्यापलीकडेच आहेत, बांगड्या वाजतात. रडतायत. ‘आरं गप पडून ऱ्हा, सोपाना’ म्हणतात. कडी काढत नाहीत.

खिडकीचे गज हलत नाहीत—

भोंगा झाला. अजून काही नाही. बेअरिंग तापायला वेळ लागतो— मीच शिकवलं सगळ्यांना—

आलं. पायांतून.

राहीबाई, मी कुणाला सांगणार नाही, मी साताऱ्याला जातो, फक्त त्याला सांगा बंद कर— धोंड्या, अरे भाऊ म्हणत होतो तुला—

घागर ओतली अंगावर. वाफ झाली.

पेन धरवत नाही. बोट टेकतं तिथे कागद पिवळा— आता तपकि