शर्टाचा वास

प्रिय भिंगरी,

सगळं बदललं ते तुझ्या काकूंनी दवाखान्याच्या दारात माझ्या शर्टाची बाही नाकाशी धरली तेव्हा. मी तरातरा आत शिरत होतो. त्या म्हणाल्या, "इथेच थांब रे बाबा. तिचा दमा या वासानेच उसळतो." मग हळूच, "तिनेच सांगू नको म्हटलं होतं. याने डोक्यात राख घालून कॉलेज सोडलं, तशी नोकरीही सोडेल म्हणाली."

म्हणून हे पत्र त्याच वाचून दाखवतायत. कागदालाही गोदामाचा वास आहे, तो तुझ्या हातात द्यायचा नाही असं ठरलंय. (काकू, मी जपून लिहितोय, तुम्हीही जपून वाचा.)

माझं काम तुला कधी नीट सांगितलंच नाही. सफरचंदाचा रस आटवून घट्ट केला की पिंपांत भरतात, आणि पडून पडून आंबू नये म्हणून मी त्यात 'मेटा' घालतो. पांढरी पूड, गंधकाची. मापून घ्यायची, थोड्या रसात विरघळवायची, मग पिंप ढवळायचं. ओल लागली की नुकत्या ओढलेल्या काडीसारखा झणका उठतो. मला त्याची ऐट वाटायची. तसाच तुझ्याकडे यायचो. तू खिडकीपाशी सरकायचीस आणि मला वाटायचं, मन उडालं हिचं. लांबच बसायचं तर बोलावतेस कशाला, म्हणून दार आपटून गेलो. मागून तुझा खोकला ऐकू आला. मला वाटलं, रडतेय. खरं सांगू, बरंही वाटलं.

काल दवाखान्यातून निघालो ते साहेबांपुढे चाव्या फेकायच्या म्हणूनच. पण मागच्या रांगेतली पिंपं फुगायला लागली होती आणि मिस्त्री एकटाच धावपळ करत होता. मला बघून म्हणाला, "जावईबापू, रुसायचं ते झाकणं लागल्यावर रुसा." अख्ख्या हंगामाचा रस होता तो, फळं कापणाऱ्या बायकांची बोटं त्यात सोलली होती. थांबलो. आज शेवटचं झाकण आवळलं आणि साहेबांकडे गेलो. बाटल्या धुवायच्या खात्यात घ्या, म्हटलं. "वरून खाली उतरतोस?" ते हसले. मी मान खाली घालून हो म्हणालो. मला मागायची सवय नाही, तुला ठाऊक आहे.

काकू, इथे थांबून तिला दोन घोट पाणी द्या.

एवढंच कळवायला लिहिलं. नोकरी सोडलेली नाही. उद्यापासून माझ्या अंगाला नुसत्या पाण्याचा वास येईल. तुझ्या नाकातली ती ऑक्सिजनची नळी कधी निघेल, कोणी नीट सांगत नाही. तोवर वर येणार नाही, खाली खिडकीसमोर उभा राहीन. उठता आलं तर बघ, नाहीतर राहू दे, फक्त श्वास घे. गोदामातला शर्ट खुंटीलाच ठेवला आहे. आता निघतो. दार आपटत नाही गं. हातानं धरून, कडी बसेपर्यंत, हळू ओढून घेतोय.

काकूंच्या तोंडून का होईना, तुझाच,
तडतड्या