दोन स्प्रिंगा, दोन्ही आईला

निर्मल, ११ ऑगस्ट १९९६

ती. दादांस भिवाजीचा जयभीम. द्वारकावहिनींनाही सांगावा. पत्र लिहिण्यास कारण की काही कारण नाही. मनकर्णा आणि मी, आम्ही इकडे मजेत. तुमचा खोकला कसा आहे? (वर्षभर तुमचं पत्र नाही, तेव्हा तो आहे तिथेच असेल असं धरून विचारतो.)

विज्ञानाचा मास्तर म्हणून मला शाळेनं कॉम्प्युटर शिकायला धाडलं आहे. त्या खोलीत चपला बाहेर काढाव्या लागतात, यंत्राला धूळ सोसत नाही म्हणे, आणि माझ्या मोज्याला नेमकं अंगठ्यापाशी भोक. परीक्षेला पडद्यावर गोळे काढून ते स्प्रिंगेनं जोडायचे होते. स्प्रिंग कोणत्या दोघांत, किती लांब, किती कडक, सगळं ओळीओळीनं लिहून द्यावं लागतं. गोळ्यांना नावं हवीत, म्हणून मी आई, दादा, भिवा अशी दिली. तुमचा स्वभाव ठाऊक असल्यानं तुमची स्प्रिंग कडक घेतली, तर तुम्ही पहिल्याच झटक्यात पडद्याबाहेर. (आईची माती झाल्यावर पोचलात, तेव्हाही तुम्ही असेच गेलात, चहाला थांबला नाहीत.) मग ती सैल केली. आई मधोमध, आपण दोघं दोन बाजूंना, मस्त डुलायला लागलो. मी तासभर नुसता बघत बसलो.

परीक्षेच्या दिवशी मला खोटं दाखवणं जिवावर आलं. आई तर गेली ना. म्हणून थोडं डुलून झालं की आईचा गोळा काढून टाकायचा, अशी एक ओळ घातली. तो गेला, आणि आपण दोघं दोन दिशांना सरळ निघालो, न थांबता, न वळता, पार पडद्याबाहेर. शिकवणारे नरसय्या सर खूष झाले, गणित अगदी बरोबर म्हणाले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी सर्वांदेखत रडलो. पडद्याच्या उजेडानं डोळ्यांत पाणी येतं असं सांगून वेळ मारून नेली.

घरी मनकर्णाला कागदावर काढून दाखवलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "दोन्ही आईलेच बांधल्या. तुमा दोघाईच्या मंधात काऊन काई नाई बांधलं?" दादा, ते मला सुचलंच नव्हतं.

तुमचा,
भिवाजी

ता. क. आम्ही मजेत आहोत असं वर लिहिलं, ते खोटं आहे.

ता. क. २ आईची तार मी एक दिवस उशिरा केली. ती बरी होईल असं मला वाटलं होतं, आणि तुमची खाणीतली पाळी बुडेल असंही. तुम्हाला तिचं तोंड दिसलं नाही ते माझ्यामुळे. हे वर्षभर लिहायचं राहिलं.

ता. क. ३ येत्या रविवारी आईचं वर्ष आहे. वंदनेला या. बेल्लमपल्लीहून सकाळच्या बसनं निघालात तर दुपारी पोचाल. मला रागवा, जेवू नका, पण या. आपल्या दोघांतली स्प्रिंग मी काल लिहायला घेतली, पण दुसऱ्या टोकाला कोण ते सांगितल्याशिवाय यंत्र पुढे जात नाही.