एसटी स्टँडसमोरचा बॅनर

दादूस,

हे पत्र तुला पाठवायची माझी हिंमत होणार नाही, तरी लिहितोय.

मी महापालिकेत उपायुक्त झालो म्हणून तू गावातल्या होडीवाल्यांना घेऊन पनवेलच्या एसटी स्टँडसमोर माझा बॅनर लावलास. मधोमध माझा फोटो आणि खालच्या कोपऱ्यात तुझा, माझ्या लग्नात घातलेल्या कोटातला. बॅनरला परवानगी लागते हे तुला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि माझ्याकडे पहिलंच काम आलं ते बेकायदा बॅनर हटवायचं.

तुला वाटत असेल, साहेबाचा नाइलाज झाला. नाइलाज कसला डोंबलाचा! आदल्या संध्याकाळीच मी तो गाडीतून पाहिला होता. एक फोन केला असता तर तू गुपचूप उतरवून नेला असतास. मी फोन केला, पण तुला नाही, पत्रकारांना. सकाळी कॅमेऱ्यांसमोर पहिला बॅनर माझाच फाडायला लावला. पेपरात मथळा आला, 'सुरुवात स्वतःपासून!' वरिष्ठांनी पाठ थोपटली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग तुझा फोन आला. शिव्या घालशील म्हणून मी केबिनचं दार लावून घेतलं. तुझा आवाज तर आनंदाने फुटत होता.

"पेपर आनलाय रं! तुजी वयनी सगल्या आळीला दाखवते. आनि आयक, माजा पन फोटू आयलाय. तुज्या बुटाखाली हाय, पन वलखू येतो."

तुझा धाकटा,
जयवंत