फोरमनच्या परीक्षेत खडू

तीर्थरूप ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा अर्धाच घातला असं समज). तुझा गुडघा कसा आहे? आम्ही सगळे मजेत, म्हणजे मी सोडून.

आज फोरमनची परीक्षा झाली. वेल्डिंगचा पेपर मी झोपेतसुद्धा दिला असता, पण नव्या मशीनची पुस्तकं इंग्रजीत, म्हणून इंग्रजीचाही पेपर. सिंपल वाक्यं सोडा, कंपाउंड वाक्यांवर खूण करा. नापास झालो तर धाकटा मेहुणा फोरमन होणार! अगं, त्याला वेल्डिंगचा होल्डर धरायला मी शिकवलं. आता घरी भावजी म्हणणार आणि कारखान्यात माझी रजा अडवणार.

तू शाळेत इंग्रजीची बाई, म्हणून तू फोनवर सांगितलेलं पाठ होतं: सांधा तोडून बघ, दोन्ही तुकडे आपापल्या पायावर उभे राहिले तर कंपाउंड. म्हटलं, हा तर आपलाच धंदा. कसला आपला! 'मदर अँड फादर स्लेप्ट', माणसं दोन, मध्ये चांगला ठणठणीत 'अँड', तरी पुस्तक म्हणतं सिंपल (आमच्या घरात दोन माणसांचं एका क्रियापदावर कधी एकमत झालंय?). उलट 'आय कॉल्ड बट नोबडी केम' एवढंसं, ते कंपाउंड. आणि पेपरात एक चार ओळींचं वाक्य होतं, वाचताना धाप लागली, तोडायचं कुठे तेच कळेना. डोकं पार चक्रावलं. अशा वेळी हात आपोआप खिशात जातो. तीस वर्षं प्रत्येक सांध्यावर खडूनं खूण करतोय, तशीच केली, कंपाउंड वाटलेल्या एकेका वाक्यावर, अगदी मन लावून. खिडकीशी बसलो होतो, तिरप्या उन्हात खुणा छान दिसत होत्या. पेपर देताना पर्यवेक्षक म्हणाले, "कोराच?" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की लोखंड काळं असतं आणि कागद पांढरा. रडूच आलं गं.

बायकोला सांगितलं तर तिला हसू आवरेना. भावाच्या बाजूची आहे की माझ्या, देव जाणे.

तुझा धाकटा,
(अजून तरी वेल्डर)

ता. क. इंग्रजीचे पेपर तपासायला तुझ्याकडेच येणार आहेत म्हणे. माझा कोरा दिसेल. बाजूला टाकू नकोस, खिडकीत नेऊन तिरका धर.

आणखी एक ता. क. तिरका धरल्यावर उत्तरं चुकलेली दिसली, तर ताई, कागद एकदा जोरात झटक. मेहुण्यासमोर 'यांना आलं नाही' यापेक्षा 'यांनी लिहिलंच नाही' हे ऐकायला बरं.